सहा गावांतली ताटं: गरोदर बाईचा आहार मोजायला गेल्यावर

मापं नीट घेतली, आकडेमोड चोख केली आणि जे सर्वांत बारकाईने मोजलं त्याचाच कशाशी मेळ बसेना. आहाराच्या संशोधनात असं अधूनमधून होतं. त्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मात्र क्वचित मिळतं, आणि हे तर आपल्या दारातलं आहे. पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी या नावाने तो अभ्यास जगभर ओळखला जातो. मराठीत त्याच्याबद्दल ‘गरोदरपणात पालेभाजी खा’ यापलीकडे फारसं लिहिलं गेलेलं नाही.

गावं, माणसं, प्रश्न

अभ्यासाची सुरुवात १९९३ ची. पुण्यापासून साधारण चाळीस-पन्नास किलोमीटरवरची सहा गावं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, आहार मोजण्याच्या बाजूने आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव आणि इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनहून कॅरोलिन फॉल व डेव्हिड बार्कर. बार्कर यांनी १९८० च्या दशकात हर्टफर्डशायरमधल्या जुन्या जन्मनोंदी धुंडाळून दाखवलं होतं की जन्मताना वजनाने कमी असलेल्या मुलांना मोठेपणी हृदयविकाराने मरण येण्याचं प्रमाण जास्त असतं. आपल्याकडे बाळंही लहान आणि मधुमेहही उदंड. मग पोटात असताना नेमकं काय कमी पडतं, हा प्रश्न पुण्यात विचारला जाणं साहजिकच होतं.

लग्न झालेल्या स्त्रियांकडे दर महिन्याला जाऊन पाळीची तारीख टिपायची, पाळी चुकली की सोनोग्राफी, आणि मग गरोदरपणाच्या अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या आसपास आहाराची चौकशी व रक्ततपासणी, असा क्रम होता. आहारावरचा मुख्य निबंध २००१ मध्ये आला, ७९७ स्त्रियांवर. या स्त्रियांची सरासरी उंची १५१.९ सेंटिमीटर, वजन ४१.७ किलो. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन २,६६५ ग्रॅम.

ताट कसं मोजायचं

आहार मोजणं ऐकायला सोपं वाटतं. काल काय काय खाल्लं ते विचारायचं, तक्त्यातून उष्मांक-प्रथिनं काढायची. ज्याने हे एकदा तरी कुणाच्या ओट्यावर बसून केलंय त्याला विचारा.

बाई सांगते, ‘दीड भाकर, कालवण, थोडा भात.’ भाकर कुणाच्या घरची? हातावर थापलेली मोठी आणि जाडसर, की तव्यापुरती पातळ? दोन घरांच्या भाकरींत वजनाला सहज दीडपट फरक निघतो, आणि दिवसाचा बराचसा उष्मांक याच भाकरीतून येत असेल तर तिच्या वजनातली चूक दिवसभराच्या हिशेबात उतरते. कालवण म्हणजे डाळीचं, मटकीचं की नुसतं मसाल्याचं पाणी? वाटीत डाळ किती आणि वरचं पाणी किती? पिठलं घट्ट की पळीवाढं? तेलाचं तर विचारूच नका. तेल घरात महिन्याच्या हिशेबाने येतं, फोडणीत अंदाजाने पडतं, आणि ज्या बाईने स्वयंपाक केला तीच सर्वांत शेवटी, उरलेलं, कधी भांड्याला लागलेलं पुसून खाते. तिच्या वाट्याला त्या तेलातलं किती आलं?

मग आठवणीतून निसटणाऱ्या गोष्टी. शेतात जाताना ओच्यात घेतलेले मूठभर शेंगदाणे. बांधावरची बोरं, कोवळं गाजर, उसाचं कांडं, हुरड्याच्या दिवसांतला हुरडा. बाईच्या लेखी हे ‘जेवण’ नाही, म्हणून ‘काल काय जेवलात’ या प्रश्नाच्या उत्तरात ते येत नाही. ‘सकाळी उठल्यापासून सांगा, तोंडात काय काय टाकलं’ असं विचारलं की निम्मं बाहेर येतं. उरलेलं निम्मं ‘शेतात गेला होता का, तिथं काही खाल्लं का’ या पुढच्या प्रश्नाने. चतुर्थी, एकादशी, सोमवार, गुरुवार असले उपास असतात ते वेगळे. चौकशी उपासाच्या दिवशी झाली तर त्या बाईच्या नावावर साबुदाणा आणि शेंगदाण्याचा कूट चढतो, आणि बाजाराच्या दुसऱ्या दिवशी झाली तर भाजी.

आणखी एक गोष्ट तक्त्यात बसत नाही. सासू उंबऱ्याशी बसलेली असते. दूध किती घेता, असं विचारल्यावर सून आधी तिकडे बघते. ‘घेते की’ हे उत्तर कुणासाठी दिलं जातं ते समजायला वेळ लागत नाही. चौकशी करणारी बाई त्याच भागातली असेल, भाकरीच्या आकारावरून घर ओळखणारी असेल, तर यातलं बरंच सावरतं. शहरातून पाठवलेल्या पदवीधराकडून ते होत नाही.

या अभ्यासात दोन हत्यारं वापरली होती. एक, मागच्या चोवीस तासांत काय खाल्लं याची आठवण, जिच्यातून उष्मांक, प्रथिनं आणि स्निग्धांश ग्रॅमच्या हिशेबात निघतात. दुसरं, वारंवारतेची प्रश्नावली, म्हणजे अमुक पदार्थ किती वेळा खाता: रोज, दिवसाआड, आठवड्यातून एकदा, की कधीच नाही. पहिलं नाजूक आणि मेहनतीचं. दुसरं ढोबळ.

काय निघालं

अठराव्या आठवड्यात सरासरी ७.४ मेगाज्यूल, म्हणजे सुमारे १,७७० कॅलरी, आणि ४५.४ ग्रॅम प्रथिनं. अठ्ठाविसाव्यात थोडं कमीच: सुमारे १,६७० कॅलरी आणि ४३.५ ग्रॅम प्रथिनं. मध्यम कष्टाच्या गरोदर स्त्रीसाठी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची त्या काळची शिफारस २,५२५ कॅलरी आणि ६५ ग्रॅम प्रथिनांची होती. म्हणजे दोन्ही बाबतींत सत्तर टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून खाली. पोट पुढे येतं तसं खाणं वाढायला हवं, ते इथे घटलेलं दिसतं.

आता कुणीही म्हणेल की जी बाई त्यातल्या त्यात जास्त खाते तिचं बाळ जास्त भरेल. तसं निघालं नाही. उष्मांक आणि बाळाचं आकारमान यांचा संबंध दिसला नाही, प्रथिनांचाही नाही. स्निग्धांशाचा अठराव्या आठवड्यात थोडा दिसला. ठळकपणे दिसलं ते ढोबळ प्रश्नावलीतून: अठराव्या आठवड्यात दूध आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात पालेभाज्या व फळं जितक्या जास्त वेळा, तितकं बाळ मोठं. घरची परिस्थिती वगैरे इतर गोष्टींचा हिशेब वजा केल्यावरही हा संबंध टिकला. शिवाय अठ्ठाविसाव्या आठवड्यातल्या आईच्या तांबड्या पेशींतलं फोलेट, म्हणजे एक ब-जीवनसत्त्व, जितकं जास्त तितकं बाळाचं वजन जास्त. पालेभाजीत फोलेट असतंच, त्यामुळे तोंडची साक्ष आणि रक्ताची साक्ष जुळली असं वाटलं.

या निकालातून लगेच ‘कॅलरी महत्त्वाच्या नाहीत’ असा अर्थ काढला गेला. माझ्या मते तो घाईचा आहे. चोवीस तासांच्या आठवणीतून त्या बाईची सवय कळत नाही, त्या एका दिवसाचं खाणं कळतं. उपास, पाहुणे, बाजार, अंगावरचं दुखणं, सगळं त्या आकड्यात मिसळलेलं असतं. अशा डळमळीत आकड्याचा संबंध दुसऱ्या कशाशी लावायला गेलं की खरा संबंधही फिका पडतो, कधी दिसेनासा होतो. हे संख्याशास्त्राचं जुनंच दुखणं आहे. सरासरी काढायला ही पद्धत उत्तम, कारण हजार बायकांचे बरेवाईट दिवस एकमेकांना खोडून काढतात. पण ‘ही बाई त्या बाईपेक्षा जास्त खाते का’ या प्रश्नाला ती तोकडी पडते. पालेभाजी किती वेळा, या प्रश्नाचं उत्तर ग्रॅममध्ये नसतं, तरी त्यात सवय असते. त्यामुळे ढोबळ हत्याराने नाजूक हत्यारापेक्षा जास्त दाखवलं यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

दुसरं कारण कष्टाचं. पाणी भरणारी, खुरपायला जाणारी बाई जास्त खाते कारण ती जास्त राबते. तिच्या ताटातल्या जास्तीच्या दोनशे कॅलरी बाळाकडे जात नाहीत, शेतात जातात. याच स्त्रियांच्या कष्टांची मोजदाद करून २००३ मध्ये वेगळा निबंध आला. त्यात जास्त राबणाऱ्या आयांची बाळं लहान निघाली. म्हणजे जमा मोजली आणि खर्च सोडला तर उष्मांकाचा आकडा निम्माच खरा.

आणि तिसरी गोष्ट ‘आकारमान’ या शब्दाआड दडलेली. पुण्याच्या या बाळांची साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली तेव्हा इथली बाळं साधारण २.७ किलोची आणि तिथली साडेतीन किलोची होती. पण पाठीवर, खांद्याच्या पात्याखाली कातडीची चिमटीत धरून जाडी मोजली तर इथल्या बाळांची चरबी त्या मानाने घटलेली नव्हती. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, चरबी मात्र राखलेली. ‘थिन-फॅट’ बाळ हे नाव तिथून आलं. तेव्हा काट्यावर वाढलेले शंभर ग्रॅम कशाचे, हेही विचारायला हवं.

रक्तातून निघालेलं दुसरंच

फोलेटच्या साक्षीत एक गोम होती. सरकारी योजनेत गरोदर स्त्रियांना लोहाबरोबर फॉलिक ॲसिडची, म्हणजे फोलेटच्याच कृत्रिम रूपाची, गोळी मिळते, ५०० मायक्रोग्रॅमची. तेव्हा अठ्ठाविसाव्या आठवड्यातलं रक्तातलं फोलेट म्हणजे मेथी-शेपूचं, असं छातीठोक म्हणता येत नाही. त्यात गोळ्यांचा वाटा आहे, आणि गोळ्या नियमाने घेणारी बाई इतर काळजीही घेत असणार.

ही मुलं सहा वर्षांची झाल्यावर २००८ मध्ये पुढचा निबंध आला, त्याने चित्र बदललं. साठवलेल्या रक्तात पाहिलं तर फोलेटची कमतरता फक्त एका आईत. बी१२ हे जीवनसत्त्व मात्र दोन-तृतीयांश आयांमध्ये कमी. पेशींच्या पातळीवरची कमतरता दाखवणारं मिथाइलमॅलोनिक आम्ल तर नव्वद टक्क्यांत वाढलेलं. आणि ज्या आयांमध्ये बी१२ सर्वांत कमी व फोलेट सर्वांत जास्त, त्यांच्या मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेऊ शकणारी, प्रवृत्ती सर्वांत जास्त. सात वर्षांपूर्वी जे फोलेट गुणाचं ठरलं होतं, तेच बी१२ च्या दुष्काळात एकटं वाढलं तर शंकेचं झालं.

आहाराच्या चौकशीतून हे कधीच दिसलं नसतं का? थोडंफार दिसायला हवं होतं. बी१२ वनस्पतींत नसतं. मटण, मासे, अंडी आणि दूध एवढेच त्याचे घरगुती मार्ग. मटण-अंडी ज्या घरात होत नाहीत किंवा क्वचित होतात तिथे सगळा भार दुधावर. आता ‘दूध घेता का’ या प्रश्नाला रोज दोन वेळा चहा पिणारी बाई ‘हो’ म्हणणार. शंभर मिलिलिटर दुधात बी१२ असतं सुमारे ०.४ ते ०.५ मायक्रोग्रॅम. एका कपात ३० मिलिलिटर दूध धरलं तर दोन चहांत पाव मायक्रोग्रॅम, तेही उकळून थोडं कमी झालेलं. वारंवारतेच्या भाषेत ती ‘रोज’ दूध घेते. शरीराच्या हिशेबात जवळजवळ नाहीच. ढोबळ प्रश्नावली पालेभाजीला चालली, कारण पालेभाजी ताटात पडली की वाटीभर पडते. दुधाला तीच प्रश्नावली फसवते.

मुंबईतली परीक्षा

संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं नाही. पालेभाजी कुणाकडे जास्त? ज्यांच्या विहिरीला पाणी, परसात वाफा आणि घरात सुनेच्या जेवणाकडे बघणारं कुणी आहे त्यांच्याकडे. कितीही हिशेब वजा केले तरी यातलं काही मागे उरतंच. म्हणून पदार्थच हातात देऊन बघायचं ठरलं. त्यासाठी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत प्रोजेक्ट सरस नावाची चाचणी झाली. डॉ. रमेश पोतदार आणि पुन्हा कॅरोलिन फॉल.

६,५१३ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी. एका गटाला पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला रोजचा खाऊ, समोसा-भज्यांच्या धर्तीचा. दुसऱ्या गटाला तसाच दिसणारा, पण बटाटा-कांद्याचा. सुरुवात गरोदर राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून, कारण गर्भाचा पाया पाळी चुकल्याचं कळेपर्यंत घातला गेलेला असतो. आहार मोजण्याच्या दृष्टीने मला यातलं सर्वांत आवडलेलं म्हणजे खाऊ घरी नेऊ दिला नाही. केंद्रावर यायचं, समोर खायचं, किती खाल्लं ते नोंदवायचं. आठवणीचा प्रश्नच मिटला. खाऊ घरी गेला असता तर तो पोरांच्या पोटात गेला असता, हे सांगायला संशोधक लागत नाही.

निकाल २०१४ मध्ये आला. जन्मतः मोजता आलेल्या १,३६० बाळांत एकूण फरक २६ ग्रॅमचा, म्हणजे संख्याशास्त्राच्या नजरेत शून्यच. गरोदरपणाआधी ठरलेले तीन महिने ज्यांनी खाऊ खाल्ला त्यांच्यात ४८ ग्रॅम, जेमतेम मान्य होण्याजोगा. आणि खरी चपराक पुढे: सर्वांत किडकिडीत आयांमध्ये काहीच फायदा नाही, त्यातल्या त्यात अंगाने भरलेल्या आयांमध्ये ९६ ग्रॅमचा. म्हणजे ज्यांच्यासाठी हा घाट घातला त्यांनाच उपयोग झाला नाही. उष्मांकाला ज्यांनी २००१ मध्ये रजा दिली होती त्यांनी हे वाचावं. चांगल्या प्रतीचं अन्न उपयोगी पडायला आधी पोटाला पुरेसं असावं लागतं, असाच याचा सरळ अर्थ दिसतो. अर्थात पालेभाजीच्या खाऊत १६५ कॅलरी आणि ६.४ ग्रॅम प्रथिनं होती, बटाट्याच्यात ८८ कॅलरी आणि २.४ ग्रॅम. तेव्हा जो काही फरक पडला तो पानांचा की या जास्तीच्या घासाचा, हेही पूर्ण सुटत नाही.

एक अनपेक्षित लाभ मात्र झाला. गरोदरपणातला मधुमेह बटाट्याच्या गटात १२.४ टक्के आणि पालेभाजीच्या गटात ७.३ टक्के होता. वजन वाढवायला निघालेला खाऊ साखरेला आवर घालून गेला. हे २०१६ मध्ये वेगळं प्रसिद्ध झालं आणि माझ्या मते त्याची हवी तितकी चर्चा झाली नाही.

पृथ्वीला परवडणारं ताट

जानेवारी २०१९ मध्ये ईट-लॅन्सेट या आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या आयोगाने माणसाला आणि पृथ्वीला दोघांना झेपेल असं ताट मांडलं: दिवसाला २,५०० कॅलरी, त्यात धान्य २३२ ग्रॅम, भाज्या ३०० ग्रॅम, फळं २०० ग्रॅम, दूध २५० ग्रॅम, लाल मांस सरासरी १४ ग्रॅम. पाश्चात्त्य देशांत गदारोळ मांसावरून झाला. या सहा गावांतल्या बाईच्या अंगाने ते ताट वाचलं तर गोष्ट उलटी होते. तिला काहीच सोडायचं नाही. तिच्या ताटात भाज्या, फळं आणि दूध आणायचंय. प्राणिजन्य अन्न कमी करा हा सल्ला तिच्यासाठी आधीच अमलात आहे, आणि रक्तातल्या बी१२ मध्ये त्याची किंमतही दिसते. पालेभाजीला जमीन कमी लागते, दिवस कमी लागतात, ती पृथ्वीला स्वस्त आहे. तीतून फोलेट येईल, लोह काही प्रमाणात येईल, बी१२ येणार नाही. म्हशीच्या पोटातून निघणाऱ्या, पृथ्वी तापवणाऱ्या मिथेन वायूची गणितं करताना कपभर दुधाची ही बाजूही मांडायला हवी. दूध नको असेल तर गोळीतून किंवा अन्नात मिसळून बी१२ द्यावं लागेल. पुण्याच्याच गटाने त्या सहा गावांत जन्मलेल्या मुलामुलींना किशोरवयापासून रोज दोन मायक्रोग्रॅम बी१२ देण्याची चाचणी २०१२ मध्ये सुरू केली ती याच विचाराने.

असल्या ताटांची देशभराची गणितं बहुधा घरखर्चाच्या पाहणीवरून मांडली जातात. त्या पाहणीत घरात किती दूध आलं ते कळतं, घरातल्या कुणी प्यालं ते नाही. प्रत्येकाचं ताट वेगळं मोजणारी राष्ट्रीय पोषण नियंत्रण ब्यूरोची यंत्रणा १९७२ पासून चालू होती, महाराष्ट्रही तिच्यात होता. ती २०१५ मध्ये बंद केली गेली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बाईला स्वतःला विचारलं जातं, ही जमेची बाजू: दूध किंवा दही, डाळी, हिरव्या पालेभाज्या, फळं, अंडी, मासे, मटण तुम्ही रोज खाता, आठवड्याला, कधीतरी की कधीच नाही? पालेभाजीच्या उत्तरावर मी बऱ्यापैकी भरवसा ठेवीन. दुधाच्या उत्तराला ‘चहातलं सोडून?’ एवढा पुढचा प्रश्न जोडला तर ‘रोज’ म्हणणाऱ्या किती उरतील, हे बघायला मला आवडेल.